मांडवातली मॅट

आमचा धंदा मंडपाचा. मंडप चांगला झाला की त्याच्याकडे कोणी बघत नाही. लोक नवरीकडे बघतात, पुढाऱ्याकडे बघतात, जिलबीच्या परातीकडे बघतात. मंडपाकडे माना वळतात त्या तो पडायला लागला की! त्यामुळे माझी सगळी हयात सोहळ्याकडे पाठ करून गेली. माझे डोळे कायम तणाव्यांवर, मेखांवर आणि आभाळावर. कोणाच्या लग्नात काय पक्वान्न होतं हे मला विचारू नका. त्या दिवशी वारा कुठून होता ते विचारा.

वाऱ्याचं आणि आमचं जुनं वैर. धुळ्याला एकदा भर सभेत वावटळीनं शामियाना उचलला. वक्ते डोळे मिटून बोलत होते, त्यांनी डोळे उघडले तेव्हा वर आभाळ आणि समोर रिकाम्या सतरंज्या. शामियाना शेजारच्या कपाशीत सापडला. त्या दिवशी मी शिव्या खाल्ल्या, पण घाबरलो नाही. कापड फाटलं तर शिवता येतं. घाबरलो तो जळगावला, आणि तेही वारा पडलेला असताना, क्रिकेटच्या सामन्यात.

ही एकोणीसशे पन्नासच्या दशकाच्या सुरुवातीची गोष्ट. प्रांताप्रांतांच्या संघांची ती मोठी स्पर्धा तेव्हा बाद पद्धतीची होती. म्हणजे एकच सामना. हरला तो घरी. सामना तीन दिवसांचा. तीन दिवसांत निकाल लागला नाही तर पहिल्या डावात ज्याच्या धावा जास्त, तो पुढे. असले सामने मोठ्या शहरांत व्हायचे. त्या वर्षी शहरातलं मैदान ऐन वेळी मिळेना, म्हणून आमच्या प्रांताचा सामना जळगावला द्यायचं ठरलं. जिमखान्याचे सेक्रेटरी नानासाहेब वकील तार हातात घेऊन माझ्या वखारीत आले. इतका खुशीत असलेला वकील मी त्याआधी पाहिला नव्हता.

"हिरामण, शामियाना, खुर्च्या, चारी बाजूंनी कनात. फुकट्यांना आतलं दिसता कामा नये. आणि बायकांना बसायला वेगळी जागा."

"सामना कधी, नानासाहेब?"

त्यांनी दिवस सांगितला. मी बोटांवर दिवस मोजले.

"आणि मॅट?"

नानासाहेबांची खुशी तिथल्या तिथे उतरली.

मॅटचं सांगायला हवं. आमच्याकडे तेव्हा खेळपट्टी हिरवळीची नसायची. मुरूम पसरायचा, पाणी मारून रोलर फिरवायचा आणि त्यावर काथ्याची लांबलचक मॅट ताणून मेखा ठोकायच्या. चेंडू पडायचा तो मॅटवर, आणि उसळायचा असा की फलंदाजानं नाक सांभाळावं. जिमखान्याची मॅट दणकट होती. पण सामने वर्षातून चार-सहा, बाकी वेळ ती गुंडाळून माझ्या वखारीत. आणि तिची लांबी अशी होती की जेवणाची एक पंगत तिच्यावर बरोबर बसायची. मग सभासदांच्या घरच्या लग्नाला मंडप जायचा तेव्हा मॅटही जायची. गावात कोणाला त्यात काही वावगं वाटत नव्हतं. क्रिकेटपेक्षा त्या मॅटवर वरणबट्टीच जास्त झाली असेल.

त्या आठवड्यात ती चोपड्याच्या बाजूला एका खेड्यात होती, नानासाहेबांच्या सख्ख्या भाच्याच्या लग्नाला. मंडप अर्थात माझाच. दुसरी मॅट शोधायला आम्ही भुसावळला आणि धुळ्याला माणसं धाडली. भुसावळची तिथल्याच एका सामन्यासाठी अंथरलेली होती. धुळ्याची उलगडली तर अर्धी वाळवीनं खाल्लेली. मग कापसाच्या जिनवाल्याची मालमोटार मागून घेतली आणि नानासाहेब आणि मी तापी ओलांडून निघालो.

वाटेत नानासाहेब म्हणाले, "लग्न तर लागलं. पंगती उठल्या. एक मॅट उचलायला काय हरकत आहे?"

हरकत काय आहे ते मला ठाऊक होतं, कारण ती हरकत इतरांना सांगणाऱ्यांत मी पहिला.

लग्नघरी मांडवाच्या मुख्य मेढीशी देवक बसवतात. ते बसलं की घर आणि मांडव त्याच्या राखणीत. घरात सुतकसुद्धा लागत नाही. आणि भटजींनी दिलेल्या दिवशी विधिपूर्वक देवक उठवेपर्यंत मांडवातली मेख उपटायची नाही, अंथरलेलं गुंडाळायचं नाही. माझ्या वडिलांनी मला हात जोडायला शिकवलं त्याच्याही आधी हे शिकवलं असेल. घाईच्या गिऱ्हाइकांना मी स्वतः परत पाठवलेलं आहे, पलीकडच्या गावात देवक उठायचंय म्हणून. आता मीच मालमोटार घेऊन दारात उभा! आणि इथलं देवक उठायचा दिवस होता सामन्याचा तिसरा दिवस.

घराची कर्ती म्हणजे नवरदेवाची आजी, जनाअक्का. उंच, काटक, केळीच्या बागेत स्वतः पाणी धरणारी बाई. मॅटच्या एका टोकाला ती बसली होती, दुसऱ्या टोकाला नवी सून गहू निवडत होती. नानासाहेबांनी कोर्टात बोलावं तसं सगळं मुद्देसूद मांडलं. अक्का त्यांच्याकडे न बघता माझ्याकडे बघत होती.

"का रे हिरामन, देवक बठेल शे, आनी तू मांडवमातलं अंथरून काढस?"

मी मान खाली घातली. नवरदेवाचा बाप, भिकनभाऊ, तापट माणूस. तो तर मालमोटारीच्या चाकासमोरच उभा राहिला होता. पण अक्कानं पुढचा प्रश्न विचारला तो निराळाच.

"तठे कोन बठी हाई अंथरुनवर?"

"बसायचं नाही, अक्का. खेळायचंय. दोन गावचे लोक येतील. परगावचे पाहुणे आहेत."

"पाव्हना शेतस?" ती उठली, मांडवाच्या मेढीला बांधलेल्या आंब्याच्या डहाळ्यांतली एक सोडली आणि माझ्या हातात दिली. "हाई ली जा. तठे बांध. मंग तठलाबी मांडव आपलाच. अंथरून मांडवमाच ऱ्हायनं. आनी मी बी येस. मांडवले घरनं मानूस लागस."

भिकनभाऊ म्हणाला, "माय, काही कमीजास्त व्हयनं तं?"

अक्का माझ्याकडे वळली. "हिरामन, जशी ली जास तशी लई येशी ना?"

मी होय म्हणालो. दुसरं काय म्हणणार? पण मांडवातल्या वस्तूला देवक बसलेलं असताना इजा झाली आणि पुढे त्या जोडप्याचं काही बरंवाईट झालं, तर दोष कोणाला लागणार हे सांगायला नको. आणि मग चोपड्यापासून चाळीसगावपर्यंत मला लग्नाला कोण बोलावणार होतं?

मॅट मालमोटारीत चढवली. तिच्यावर अक्का, नवरा-नवरी आणि भिकनभाऊ बसून जळगावला आले. मॅटला एकटं सोडायला कोणी तयार नव्हतं. मैदानात मॅट मी स्वतः ताणली. पंचांनी वाकून, हातानं ओढून पाहिली आणि मान डोलावली. शामियान्याच्या पुढच्या बांबूला मी ती डहाळी बांधली. पाहुण्या संघाच्या कप्तानाला वाटलं, स्वागताची काही पद्धत असेल. त्यानं तिला नमस्कार केला. मला बरं वाटलं.

पहिला दिवस सरळ गेला. आमचा संघ खेळला, लोकांनी टाळ्या वाजवल्या, कनातीला भोकं पाडणाऱ्यांना माझ्या गड्यांनी हुसकलं. अक्का बायकांच्या बाजूला सुनेला घेऊन बसली होती. चेंडू मॅटवर आपटला की ती पदर तोंडाला लावायची. मला वाटायचं, आपणच आपटतोय. संध्याकाळी मी मॅटवरून हात फिरवून पाहिला. एक धागा निघाला नव्हता.

दुसऱ्या दिवशी पाहुणे खेळायला आले. त्यांचा रमणीक नावाचा एक उंच पोरगेला फलंदाज होता. सुंदर खेळत होता, इतका की मीसुद्धा थोडा वेळ तणावे सोडून त्याच्याकडे पाहिलं. आमचे लोक आपल्या गोलंदाजाला सोडून त्याला टाळ्या देत होते. दुपारच्या जेवणानंतर आमचा तेज गोलंदाज आला. त्याचा एक चेंडू मॅटवर पडला आणि जो उसळला, तो रमणीकच्या कानशिलावर. तेव्हा डोक्यावर टोपीशिवाय काही नसायचं. आवाज शामियान्यापर्यंत आला. तो आधी गुडघ्यावर बसला, मग आडवा झाला. मॅटवरच.

सगळं मैदान उभं राहिलं. मी धावत सुटलो. मैदानात जायची मला मुभा नव्हती, पण ते आठवायला वेळ नव्हता. तिथे पोचलो तर त्याच्या कानातून रक्त येत होतं आणि मॅटवर तळहाताएवढा डाग पडला होता. खोटं कशाला सांगू, एका डोळ्यानं मी त्याच्याकडे बघत होतो आणि दुसऱ्यानं डागाकडे.

प्रेक्षकांत एक डॉक्टर होते, ते आले. त्याला हलवायचं कशावर? हे मात्र माझं काम. दोन बांबू आणि एक जाजम. माझ्या गड्यांनी डोळ्यांदेखत झोळी बांधली. त्याला इस्पितळात नेलं. मग खेळ पुन्हा सुरू झाला. तसाच नियम होता. माळ्यानं डागावर माती टाकली.

मी शामियान्याकडे परतलो तर भिकनभाऊ वाटेतच उभा.

"सांगेल व्हतं ना मी? मना आंडोरना मांडवमा रंगत सांडनं! नवी नवरी डोयासमोर बठेल शे. आते काय करशी, हिरामन?"

त्याच्या लेकाच्या मांडवात सांडलेलं रक्त मी कसं पुसणार होतो? नानासाहेब मध्ये पडले. नवरदेव बिचारा बायकोकडे बघत होता आणि ती खाली मान घालून बांगड्या मागेपुढे करत होती. इतक्यात अक्का बायकांच्या कनातीतून बाहेर आली. मला वाटलं, आता सगळ्या लोकांसमोर शाप ऐकायचे. तिनं डागाकडे पाहिलंही नाही.

"तो पोऱ्या कसा शे?"

"शुद्ध नाही, अक्का. डॉक्टर बघताहेत."

"कोनना शे? माय-बाप शेतस का त्याले?"

"असतील. परमुलखातला आहे."

ती मेढीसारखी ताठ उभी राहिली आणि लेकाला म्हणाली, "ऐक रे भिकन. आपला मांडवमा पडना तो. आपला पाव्हना शे. तो उठी तवय देवक उठी."

"माय! आनी नई उठना तं?"

"उठी."

"नई उठना तं मांडव काय जलमभर ठेवशी?"

"ठेवसू," ती म्हणाली, आणि जाऊन सुनेशेजारी बसली.

मी सुटकेचा श्वास सोडायचा, तर उलट जास्तच घाबरलो. आधी एक डाग माझ्या गळ्यात होता. आता एका माणसाचा जीव, एका जोडप्याचा संसार आणि माझा मंडप, तिन्ही एकाच मेढीला बांधले गेले होते.

सामना तिसऱ्या दिवशी संपला. पाहुणे एका माणसानं कमी पडले आणि पहिल्या डावात थोडक्या धावांनी मागे राहिले. आमचा संघ पुढे गेला. जळगावात पेढे वाटले गेले, मी घेतला नाही. हरला तो घरी, या न्यायानं पाहुणा संघ रात्रीच्या गाडीनं निघाला. जाताना कप्तान इस्पितळाच्या दाराशी बराच वेळ उभा होता. रमणीक मात्र मागे राहिला. धावफलकावर त्याच्या नावापुढे 'जखमी, नाबाद' असं लिहिलेलं होतं. तो तेव्हा माणसं ओळखत नव्हता.

मॅट डागासकट मांडवात परत गेली. मी ती पूर्वीच्या जागी अंथरली. शेजारच्या बायका डाग बघून नाक मुरडत होत्या. अक्कानं त्यावर चिमूटभर हळद टाकली, आणि विषय संपला.

पण दिवस संपेनात. माझा निम्मा माल त्या मांडवात अडकलेला आणि धुळ्याला एका व्यापाऱ्याच्या घरचं लग्न तोंडावर. मी चाळीसगावच्या एका मंडपवाल्यापुढे हात पसरले. एरवी आम्ही एकमेकांचं तोंड बघत नव्हतो. त्यानं कनाती दिल्या, वर विचारलं, "तुझा क्रिकेटवाला उठला का?" तेव्हा मला कळलं की गोष्ट खानदेशभर झाली आहे. चोपड्याच्या प्रवासी मोटारीचा ड्रायव्हर रोज माझ्या वखारीसमोर गाडी हळू करायचा आणि मान बाहेर काढून विचारायचा, "उठला का?" मी नाही म्हणून मान हलवायचो. तो ते उत्तर तापीपार घेऊन जायचा.

रोज सकाळी मी इस्पितळात. रमणीकचा थोरला भाऊ येऊन बसला होता. हिंदी-गुजरातीत थोडं बोलायचा, बाकी वेळ माळ ओढायचा. डॉक्टर म्हणायचे, सूज उतरली पाहिजे. एकदा रमणीकनं डोळे उघडले आणि लगेच उलटी केली. एकदा त्याला ताप चढला, तेव्हा मी बाहेर पायरीवर बसून राहिलो. मनात काय काय येत होतं! हा गेला तर अक्का खरंच मांडव ठेवेल. ऊन लागेल, पाऊस येईल, कापड फाटेल, आणि त्या घरावर तो सांगाडा उभा राहील. मी त्याच्या प्राणांची भीक मागत होतो की माझ्या मंडपाची, हे तेव्हा मला सांगता आलं नसतं.

खेड्यातही धीर सुटत चालला होता. नव्या सुनेला माहेरी जायचं होतं. देवक उठल्याशिवाय तेही नाही. तिचा बाप येऊन नुसताच परत गेला. भिकनभाऊ माझ्याशी बोलत नव्हता. एकदा मी निरोप द्यायला गेलो तेव्हा ती सून पाण्याचा तांब्या घेऊन आली आणि जमिनीकडे बघत हळूच म्हणाली, "उठनात का पाव्हना?" तिच्या तोंडून ऐकलेले तेवढेच शब्द. मी बरं चाललंय असं सांगितलं. खरं तर त्या दिवशी ताप होता.

मग एके सकाळी मी गेलो तर रमणीक खाटेवर बसून दूध पीत होता. त्यानं माझ्याकडे पाहिलं आणि भावाला विचारलं, हा कोण. मी त्याला रोज बघत होतो, तो मला पहिल्यांदा बघत होता. मी बाहेर आलो आणि भिंतीकडे तोंड करून रडलो. चोपड्याची मोटार आली तेव्हा ड्रायव्हरला विचारावंही लागलं नाही. त्यानं तापीचा पूल येईपर्यंत हॉर्न वाजवला म्हणतात.

डॉक्टरांनी प्रवासाला परवानगी दिली त्या दिवशी नानासाहेबांची मोटार दोघा भावांना घेऊन खेड्यात गेली. मी पुढे पोचलो होतो. रमणीकच्या डोक्याला पट्टी, चाल अजून सावध. मांडवात शिरताना तो थबकला. वरच्या तोरणाची पानं वाळून खडखडत होती, फुलांचा कचरा झाला होता. त्यानं मला विचारलं, "शादी कब है?"

"हो गई. आपका मॅच था उसके पहले."

"तो ये मंडप अब तक?"

"आपके लिए रुका है."

त्याला कळेना. त्याच्या भावाला कळलं. त्यानं गुजरातीत सांगितलं. रमणीक ऐकत राहिला. मग त्याची नजर मॅटवर गेली, डाग सापडला, त्यावरची वाळलेली हळद दिसली. तो मटकन खाली बसला. तिथेच, मॅटवर. भिकनभाऊ सगळ्यांत आधी धावला आणि त्याला खांद्याला धरून बसवलं. नव्या सुनेनं त्याच्या हातांवर पाणी घातलं. अक्का बट्टी चुरून त्यावर वरण ओतत म्हणाली, "जेवी ले, पोऱ्या."

जेवण झाल्यावर अक्कानं टॉवेल-टोपी आणली. पाहुण्याला द्यायचीच असते. पट्टीवर टोपी बसेना. तिनं ती त्याच्या हातात दिली. "डोकं बरं व्हयनं म्हंजे घाल."

मग भटजींनी देवक उठवलं. मेढ उपटायची वेळ आली तेव्हा अक्कानं रमणीकचा हात धरून मेढीला लावला आणि मला खूण केली. मी जोर केला. इतके दिवस जमिनीत राहिलेली मेढ, पण एका झटक्यात वर आली.

आता मी धंदा मुलांकडे सोपवला आहे. आता कार्यालयं तासांवर मिळतात. वऱ्हाड दारात असतानाच पडदे सुटायला लागतात. मी कधी हौसेनं कामावर जातो. गडी मेढीला हात घालतात तेव्हा मी त्यांना थांबवतो आणि आधी आत जाऊन विचारून येतो, घरात कोणी आजारी पडलंय का, कोणी पाहुणा झोपलाय का, सगळे उठले का. गडी एकमेकांकडे बघून हसतात. मी बाहेर येऊन होकाराची मान डोलावेपर्यंत मात्र कोणी मेख उपटत नाही.